दोन वाव

गर्लगुंजीच्या डेअरीत दुधाची रांग सरल्यावर
सुलक्षणानं पिशवीतनं काढला
चपातीच्या डब्याएवढा प्रोजेक्टर,
आणि चुन्याच्या भिंतीवर अख्खं गाव उमटलं.
विहिरी म्हणजे निळे ठिपके,
बोट लावलं की खोली सांगणारे.

नावं आधी कानडीत आली, मग मराठीत.
निघालेल्या पोपड्यावर
पाटलांची विहीर थरथरत राहिली.

भरमाक्का पुढं झाली.
ठिपक्याला हात लावायला गेली
तर तिची विहीर तिच्याच हातावर आली:
एकेचाळीस फूट.
तिनं मूठ मिटली. आकडा मुठीवर.

"दोन वाव दोर
शिमग्यातच वाढवलो की गे मी."

सुलक्षणानं रकाना शोधला, तसा नव्हता.
मग डेअरीवाल्याचा खडू घेऊन
लिहिलं तिनं ते,
भिंतीवरच, उजेडाच्या जरा बाहेर.