टेक्ला आणि क

लिहून घ्या, पण दौत आधी शेगडीजवळ सरकवा.
जानेवारीत इथे शाईचाही दगड होतो.

शहरात सांगतात म्हणे, दोनशे त्र्याऐंशीवं गीत
माझ्या बहिणीला तळ्याकाठी सुचलं,
पाण्यावर देवदूताची सावली पडली तेव्हा.
तळं होतं. त्यावर बदकं होती.
सावली पडायची ती कपडे धुवायच्या फळ्यांची,
आणि टेक्लाला तिथे जायला मनाई होती.

पाळकघर तसं मोठं, ऊब मात्र एकाच खोलीत.
गावकरी वर्षासन लोण्यात भरत.
शेर्स्टिन पिंपात बोट बुडवून चाखायची
आणि सांगायची, कुणाची गाय आजारली,
कुणी मिठाआड पाणी लपवलं.
बाबांनी ते कधी वहीत मांडलं नाही.

शनिवारी रात्री ते भिंतीपलीकडे उपदेश घोकत.
आम्ही दोघं एकाच मेंढीच्या कातड्याखाली, कान फळीला लावून.
उपदेश छान चालायचा, बर्फावरच्या स्लेजसारखा,
आणि मग क यायचा.
क्रूसातला. करुणेतला. कृपेतला.
सांगा, पाळकाने हे शब्द टाळून बोलायचं तरी काय?
क्... क्... क्...
गोठलेल्या विहिरीवर पहार आपटावी तसं.
टेक्ला अंधारात माझं मनगट आवळायची
आणि शब्द सुटला की सोडायची.
रविवारी माझ्या हातावर वळ असत.

गाताना मात्र ते अडखळत नसत.
हे तिच्या ध्यानात आलं, माझ्या नाही. मी थोरला असून.

त्या हिवाळ्यात माळावरच्या स्टीनाचं तान्हं गेलं.
जमीन लोखंड झालेली. पेटी मेपर्यंत
चर्चमागच्या लाकूडखोलीत ठेवायची, आधीच्या चौघांशेजारी.
पेटी एवढीशी, पीठ मळायच्या काठवटीएवढी.
स्टीना शालीच्या टोकाला गाठी मारत उभी.
बाबांनी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं,
आणि कृपेपाशी थांबले.

किती वेळ, ते विचारू नका.
घंटावाल्या येस्परने नाक ओढलं. कुणीतरी पाय बदलला.
मग नऊ वर्षांची टेक्ला, माझ्या जुन्या बुटांत,
हळूच गायला लागली. चाल लग्नातल्या नाचाची,
शब्द तिथल्या तिथे जुळवलेले:

    उजेड येईल, माती नरमेल,
    तोवर बाळाला तूच पांघर.

बाबांनी दुसऱ्या ओळीला सूर धरला.
तिसरी ओळ नव्हतीच. त्याच दोन, पुन्हा, पुन्हा,
आणि चौथ्या खेपेला त्यांनी मध्येच कृपा हा शब्द गायला,
अख्खा, ओला,
नुकतं जन्मलेलं वासरू गवतावर पडावं तसा.

घरी परतताना कुणी काही बोललं नाही.
शेर्स्टिनने टेक्लाच्या पावाला दोन्ही बाजूंनी लोणी लावलं.

पुढची चाळीस वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत.
उप्सालाचे विद्वान लिहितात, तिच्या ओळींचे आरंभ मृदू,
आमच्या जंगलाकडच्या हवेचा म्हणे हा गुण.
पुस्तक आहे ना तुमच्याजवळ? चाळून बघा.
एकशे बारा गीतं. एकही ओळ
क ने सुरू होत नाही.
बाबा जाऊन तेवीस वर्षं झाल्यावरची सुद्धा.

दौत इकडे द्या. बाहीला लागेल तुमच्या.