मादीच हवी

पहिल्याच सकाळी मार्या फळ्यावर एक ओळ लिहिते:
मादीच हवी.
आम्ही नऊ जण. तेनाचे चार, पेरूहून आलेल्या दोघी,
बेलेंचा एक अबोल मुलगा,
आणि कीतोचे दोघे, ज्यांचे बूट अजून कोरडे आहेत.

फुलपाखरांत उलटं असतं, ती सांगते.
नराकडे सारखी जोडी, झेड आणि झेड.
मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू.
हा डब्ल्यू आईकडून लेकीला जातो, लेकीकडून तिच्या लेकीला,
लेकाच्या वाट्याला कधीच येत नाही.
तेव्हा नर वाचलात तर पुस्तकाचं एक पान...
इथं ती थांबते. पुस्तक नको, म्हणते,
सगळे तेच म्हणतात.

मागच्या बाकावर वेनान्सियो शिग्वांगो,
गमबूट घालून, पायाशी सडक्या केळ्यांची बादली.
त्याला रोजचे पैसे मिळतात. प्रमाणपत्र मिळणार नाही.
मादी ओळखायची कशी, कीतोचा एक जण विचारतो.
ती रेंगाळते, वेनान्सियो म्हणतो,
भाड्याची खोली बघायला आल्यासारखी.
एकेक पान पायांनी चाखते, नाक मुरडते, पुढं जाते.
मार्या भिंगाखाली दाखवते:
नराच्या मागच्या पंखावर केसांची बारीक बट,
मादीला नाही.
वहीत मी दोन्ही उत्तरं लिहिली, एकाखाली एक.

ती सापडली ओढ्याकाठी, चौथ्या दिवशी.
काचेचे पंख. पलीकडची शेवाळ दिसत होती त्यातून.
पंख पाकिटात. धड थंडीत.
नायट्रोजनची टाकी कीतोहून बसनं आलेली,
पट्ट्यानं बांधून, खिडकीशी, स्वतःचं तिकीट काढून.
नळी बुडाली. पांढरा धूर टेबलावरून खाली सांडला.
चिमटा माझ्या हातात होता,
हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

मग धागा. इतका बारीक की नजरेला नाहीच,
एका छिद्रातून ओवत जाणारा,
आणि जाता जाता विजेला हलकेच धक्का देणारा.
त्या धक्क्यांवरून अक्षरं.
रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसलो
आणि दोन चाळीसला वीज गेली.
पाचावर धारण. लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के.
शेजारच्या तापुयबाईंनी तळ्याचा पंप थांबवून
जनरेटर ढकलत आणला, म्हणाल्या,
माझे मासे अर्धा तास दम धरतील,
तुमच्या बाईचं काय ते बघा.

तीन वाजता आमच्याकडे तशीही उठायची वेळ.
ग्वायुसाचं पातेलं चढलं.
भोपळ्याची वाटी हातोहात फिरते
आणि ज्यानं त्यानं आपलं स्वप्न सांगायचं.
आम्ही कोणीच झोपलो नव्हतो,
फक्त बेलेंचा मुलगा खुर्चीत पेंगला होता.
आठवड्यात पहिल्यांदा तो सलग बोलला:
बहीण मला पोहायला शिकवत होती,
पाण्याऐवजी अक्षरं होती. चारच,
पण बुडण्यापुरती.

झेड एका दमात लागला.
डब्ल्यूपाशी मात्र सगळ्यांचं घोडं अडलं.
तेच ते, तेच ते, पुन्हा तेच;
आई मांडीवर तंतू वळून शिग्रा विणते,
एखादी गाठ सुटली की दोरा हातात राहतो
आणि कुठल्या गाठीचा ते कळत नाही, तसं.
आम्ही झोपलो की तार्तूत सकाळ व्हायची,
तिथलं कोणीतरी टोक धरायचं,
दुपारी बेलें, संध्याकाळी पुन्हा आम्ही.
कोणी कोणाची गाठ उसवली तर कारण लिहून ठेवायचं, एवढाच नियम.

तरी तीन जागा राहिल्याच.
रिकाम्या जागी एन लिहितात.
एन, एन, एन, पडदाभर.

शेवटच्या दिवशी वेनान्सियो दारात उभा.
बघू, म्हणाला, काय म्हणते ती.
मी डब्ल्यू उघडला. अक्षरं वर सरकत गेली,
मग ते एन.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
इथं रेंगाळलीय, म्हणाला,
आणि बादली धुवायला गेला.