शेवटच्या टोकाचं प्रेशर

हर्षाली जिन्यातून ओरडली,
पप्पा, मीटिंगमध्ये मी परत पुतळा झाले,
तुमच्या मोबाइलवर काही चालू आहे का?
एक भजन होतं. तेही गोल गोल फिरत होतं.

एकतीस वर्षं मी महापालिकेत व्हॉल्व्हमन.
त्रिमूर्ती चौक ते पवननगर, पहाटे साडेतीनची पाळी,
खांद्यावर लांब दांड्याची चावी.
पाणी आलं नाही की लोक धरणाकडे बोट दाखवायचे.
मी खाली रस्त्याकडे बघायचो.
धरण भरलेलं असतं हो बहुतेक वेळा.
चोर वाटेत असतो.

कंपनीची बाई फोनवर म्हणाली,
डबा बंद करा, तीस सेकंदांनी चालू करा.
केला. चारदा केला.
बच्छाव कुंपणावरून म्हणाले, संध्याकाळी सगळ्यांचंच असं.
सगळ्यांचंच म्हटलं की कुणाला शोधावं लागत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने लागलो.
आधी उगमाशी मोजायचं.
हर्षालीचा लॅपटॉप खाली आणवला,
भिंतीवरच्या डब्यालाच वायर खोचली:
शहाण्णव.
पैसे शंभराचे, पण चाराचं काय एवढं,
गंगापूरहून निघालेलं आम्ही तरी कधी पुरं पोचवलं.
वरच्या खोलीत: तीन.
सोळा पायऱ्यांत त्र्याण्णव मुरले कुठे?

सिडकोचं घर. खालच्या खोल्या त्यांच्या, वरचा मजला आमचा आम्ही चढवलेला.
वायर खिडकीतून बाहेर, सज्जाखालून, टाकीच्या पाइपाला बांधत वर.
बोट फिरवत गेलो डोळे मिटून,
जसा पूर्वी डांबराला कान लावायचो.
सज्जाखाली, पारव्यांच्या घाणीत,
हाताला लागला चिकटपट्टीचा गोळा.
ओळखीचा.

दोन दिवाळ्यांपूर्वी उंदराने कुरतडली तेव्हा
मीच दिला होता हा जोड,
आठ तारा, रंगाला रंग, पीळ घालून,
आणि घरभर सांगितलं होतं, बघा, मेकॅनिक लागला नाही.
पट्टी सोडली. आत तांब्याला हिरवा गंज.
असल्याच जोडांसाठी मी किती प्लंबरांना
भर रस्त्यात शिव्या घातल्यात.

जुबेर आला स्प्लेंडरवरून,
नवी वायर ओढली, अखंड, मध्ये कुठे न तोडता.
जोड हातात घेऊन बघत राहिला.
मी म्हटलं, कुण्या अडाण्याने केलाय.
तो चहात बिस्किट बुडवत म्हणाला,
काका, पण मनापासून केलाय.

वर आता एक्क्याण्णव.

तरी रात्री सवयीने गळती पाहिली.
घरातले सगळे नळ बंद करायचे, मीटरचा काटा बघायचा.
टीव्ही बंद. लॅपटॉप बंद. माझं भजन बंद.
डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला.
हर्षालीने तिच्या फोनवर यादी उघडली:
एक नाव आपल्यातलं नाही.

पासवर्ड आमच्या पाणीपट्टीचा नंबर.
मीच ठेवलेला. मीच सांगितलेला
मागच्या शेवाळ्यांच्या ओंकारला, फॉर्म भरायचा होता तलाठी भरतीचा,
एका दिवसासाठी म्हणून.
गच्चीतून वाकून पाहिलं,
त्यांच्या जिन्यात तो बसला होता, आमच्या भिंतीला पाठ घासून,
जिथे सिग्नलची एखादी कांडी येत असेल.
फोनमध्ये कुणी मास्तर शेकडेवारी शिकवत होता
आणि दर दोन वाक्यांनी गोठत होता.

काढू का त्याला, हर्षालीने विचारलं.

पवननगरच्या मागे चढावर एक गल्ली होती, पार टोकाला.
नियमाने पंचेचाळीस मिनिटं,
त्यातली पहिली वीस नळातून नुसती हवा.
मी चावी फिरवायला रोज दहा मिनिटं उशीर करायचो.
रजिस्टरात कधी लिहिलं नाही.
एक म्हातारी विचारायची, आज घड्याळ मागे का रे तुझं?

म्हटलं, राहू दे.
आणि तो डबा जरा मागच्या खिडकीकडे सरकवता येईल का,
ते जुबेरला विचार.