समासातले गोल

माझा बाप आर्वीच्या जिनिंगमध्ये काटाबाबू होता.
त्याच्या वहीत डावीकडे बंड्यांची वजनं,
उजवीकडे समासात, मुंगीएवढ्या अक्षरात,
रविवारचे गोल.
‘अठरा मण. आडकू, दोन.’
‘बावीस मण, कापूस ओला. आडकू, एक. दुसरा पंचानं खाल्ला.’

आडकू ठवरे प्रेसवर गाठी दाबायचा.
खेळायचा अनवाणी. तेव्हा सगळेच तसे खेळत,
पण याचा पाय चेंडूला लागताना आवाज यायचा नाही,
असं बाप सांगे,
आणि बाप वजनातला माणूस,
छटाकभरही वाढवून बोलत नसे.

चेंडूला तेव्हा चामड्याची वादी असे.
डोक्यानं मारला की कपाळावर वळ उठे.
सोमवारी आडकूच्या कपाळावर वळ दिसला
की प्रेसवरच्या बाया न विचारताच ओळखत,
पुलगाववाले काल उपाशी गेले.

एक्कावन्न साली नागपूरच्या मिलचा माणूस आला.
सदऱ्याच्या खिशात दोन पेनं.
बेचाळीस रुपये पगार, मिलची खोली.
छोटी गाडी सुटली तेव्हा
अर्धा गाव गाडीसोबत चालत राहिला,
त्यात मोठंसं काही नाही,
गाडीच तेवढ्या चालीची.

मग बूट.
मॅनेजर म्हणाला, बूट नाही तर मैदान नाही.
आडकूनं कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहून घेतलं:
‘बाबूजी, बुटात पाय आंधया होते.’

अकरा मॅचा. दोन गोल.
दोन्ही पायांची नखं काळी.

बाराव्या मॅचला हाफटायमात त्यानं बूट काढले,
खांबाजवळ नीट जोडून ठेवले,
देवळाबाहेर ठेवतात तसे.
पंचाच्या ध्यानात यायच्या आत तिघांना काढलं.
जाळी नव्हती, चेंडू थेट मागच्या नाल्यात.
पाठोपाठ फुलबॅकचा खिळ्यांचा बूट
त्याच्या उजव्या पावलावर.

तो गोल मोजला नाही.
दिवाळीआधी आडकू परत आला,
लंगडत, वाद्या बांधून बूट गळ्यात.

त्यानंतरची तेवीस वर्षं प्रेस,
आणि रविवारी पोरं.
बुटांचा जोड एक, पोरं पंधरा.
उजव्यानं मारणाऱ्याला उजवा,
डावखुऱ्या इस्माईलला डावा.
उरलेले आपल्या मातीवर.
एकदा तहसीलदाराच्या पोरानं नवे बूट आणले
तर आडकू म्हणाला,
‘घाल ना बाबू. पन आधी पायाले इचार.’

सेवाग्रामच्या दवाखान्यात
साखरेनं सडलेला अंगठा कापायचा ठरला.
डबा घेऊन मी गेलो होतो.
आडकू डॉक्टरीणबाईंशी सौदा करत होता:
‘उजवा राहू द्या, बाई. डावा न्या,
त्याचं असंही काही काम नोयतं.’

तिसऱ्या दिवशी म्हणाला, वही आन.
बाप जाऊन सहा वर्षं झालेली.
वहीला अजून सरकीच्या तेलाचा वास.
‘तो नाल्यातला वाच.’
शोधत गेलो. बंड्या, बंड्या, ओला कापूस, बंड्या,
आणि समासात:
‘नागपूर. आडकू, एक. ऐकीव.’

बराच वेळ तो खिडकीकडे बघत होता.
बाहेर कोणीतरी सायकलची हवा भरत होतं.
मग माझ्याकडे वळून, खरंच रागावून:
‘ऐकीव काहून लिवलं तुया बापानं?’