प्रवासात नको

डिम्फ्ना हेफर्नन. वय एकवीस. अविवाहित.
व्यवसाय शिवणकाम. सोबत कोणी नाही.
कारकुनाचं अक्षर वळणदार.
कोबच्या धक्क्यावर, नोव्हेंबरात,
बोटं काकडली नसतील का त्याची?

याँकर्सच्या या स्वयंपाकघरात
आईचे कागद मी टेबलावर पसरलेत.
देवी काढल्याचा दाखला.
डेकवरच्या खुर्चीचं भाडं, चार शिलिंग, पावती.
खुर्ची!
जन्मभर चहासुद्धा उभ्यानं प्यायली ही बाई.

मग निरोपाच्या जेवणाचं मेनूकार्ड,
सोनेरी गोंडा, वर बोटीचं चित्र.
कासवाचं सूप, भाजलेलं बदक, पीच मेल्बा.
पेन्सिलीची खूण एकाच ओळीपुढे:
कोरडा टोस्ट.
पाठीमागे दुसऱ्याच कुणाचं अक्षर, तिरपं, घाईचं:
"मिस, आलं चघळत राहा.
माझ्या बायकोला दोन्ही वेळेस गुण आला.
— कॉर्मॅक, स्टुअर्ड, टेबल एकोणीस"

दोन्ही वेळेस.

मी जूनमधली.
बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले.
म्हणजे त्याला कळलं होतं.
बोटीवरच्या डॉक्टरला नाही,
शिक्का मारणाऱ्या साहेबाला नाही,
टोस्ट आणून देणाऱ्याला.

पेटीवरचं लेबल काही निघत नाही.
वाफ दिली, नखानं खरवडलं.
"प्रवासात नको."
अर्थ एवढाच, की बोटीच्या तळात ठेवा,
उतरल्यावर द्या.

लहानपणापासून याच पेटीवर बसून
मी बूट घालत आले.
आई समोर उभी असायची, कप हातात,
नाडी नीट बांध म्हणायची.