गाढवाचा कान

कत्तलखान्याच्या अलीकडे, टायरवाल्याला लागून
एदेल्मीराबाईंचं दुकान.
पाटीवर अननस, मक्याचं कणीस, पृथ्वीचा गोल.
गोलावर नेब्रास्का जरा मोठंच काढलंय.

दार ढकललं की आधी वास:
सुक्या मिरच्या, कपड्याचा साबण, ओला पुठ्ठा,
आणि मागून, विल्मरच्या करवतीखालच्या
गोठलेल्या हाडाचा.

मेण चोपडलेले कंद एका खोक्यात.
विल्मर म्हणतो युका, फुराहा म्हणते मुहोगो.
बर्मी आजोबा काहीच म्हणत नाहीत,
नखाने साल खरवडतात, आत पांढरा आहे ना बघतात.
मला फक्त त्याचा साबुदाणा ठाऊक.
उपासाचं मूळ
इतकं दांडगं, इतकं मातकट असेल
असं वाटलं नव्हतं.

गल्ल्यामागे हाताने रंगवलेली पाटी:
ओय नो फीओ, मान्याना सी.
एकेक शब्द विचारून घेतला.
ओय म्हणजे आज. नो म्हणजे नाही. फीओ, उधार देते.
उद्या, हो.
म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचीच की ही!
आज रोख, उद्या उधार.
मी एकटाच हसलो.
बाईंनी सुट्टे मोजून हातावर ठेवले.

(पाटीखालच्या खणात एक निळी वही आहे.
कारखान्यात तास कापले
की तिला पानं पुरत नाहीत.)

आणि या सगळ्यावर, छताच्या आकड्याला,
एक जांभळं कागदी गाढव.
वाढदिवसाला टांगायचं, काठीने फोडायचं,
पोटातल्या गोळ्यांवर पोरांनी तुटून पडायचं, तसलं.
तीन वर्षं कुणी नेलं नाही.
गाढवापुढे गीता वाचतात म्हणे,
याच्यापुढे रोज बिलं वाचली जात.

फेब्रुवारीत फुराहाचा बाराका आला,
आठवं लागायला चार दिवस होते.
बोट वर केलं. ते.
बाई म्हणाल्या, ते विकायचं नाही.
का?
जुनं झालंय.
मग स्वस्त द्या.

मागे करवत थांबली, विल्मर हसत होता.
फुराहाने पोराच्या दंडाला धरलं, काहीतरी बोलली दातांतून,
आणि काउंटरवरचे सुके मासे
हळूच परत फळीवर ठेवून आली.

बाईंनी ते पाहिलं.
शिडी मागवली, स्वतः चढल्या,
गुडघ्यांना शिव्या देत.
धूळ फुंकली, पोटाचं झाकण उचकटलं,
तिखटमीठ लावलेल्या चिंचेच्या गोळ्या
मूठ, मूठ, अजून एक मूठ.
मग वही काढून लिहिलं: गाढव, एक.
पुढचा रकाना तसाच राहिला.
मासे कधी पिशवीत गेले
मला दिसले नाहीत.

सोमवारी बाराका कान घेऊन आला.
फुटलं?
फुटलं. पण पहिला फटका माझा नव्हता.
आणि गोळ्या?
पोरांनी थुंकून टाकल्या. आईने खाल्ल्या.

बाईंनी कान उलटा केला, सुलटा केला,
खोकी बांधायच्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला
आणि हात पोचला तिथे चिकटवला.
पाटीवर.
बरोबर नो वर.

महिना झाला.
गिऱ्हाइकं पाटी वाचतात, बाईंकडे बघतात,
बाई काट्याकडे बघतात.
आकड्याला नुसतं सूत लोंबतंय,
दार उघडलं की हलतं.

आज मी कोथिंबीर घेतली, चार लिंबं,
आणि हिय्या करून एक कंद.
हा शिजवायचा कसा, फुराहाला विचारलं.
ती कामाच्या बुटांत, घाईत.
खूप वेळ, म्हणाली,
आणि मधली शीर काढून टाक.