उलटे आटे

फ्रेम मिळाली लक्ष्मीपुरीत,
दिलावर मुजावराच्या भंगारात, किलोच्या भावानं.
साडेतीन किलो लोखंड,
वर शंभर, 'रंग बरा हाय म्हणून'.
आडव्या नळीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं: वि. स. घ.
'भावासाठी व्हय?' त्यानं विचारलं.
मी म्हटलं, काटा नीट बघा.

मी शिरोलीच्या फाउंड्रीत माल मोजते.
दिवसभर हातात व्हर्नियर;
पंपांची कवचं, ट्रॅक्टरचे हब
केसाएवढ्या फरकानं नापास होतात माझ्या टेबलावर.
आणि संध्याकाळी घरी हे असलं:
सीटची नळी सत्तावीस पूर्णांक दोन,
तिच्यात जायचा दांडा सव्वीस पूर्णांक आठ.
कामावर असता तर लाल खडूनं फुली मारून
बाजूच्या ढिगात टाकला असता.
इथं कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापला,
दांड्याला दोन वेढे दिले.
बसला.

मागचं चाक सांगलीहून आलं, एसटीनं,
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट काढलं.
पुढचा शॉक राजारामपुरीतल्या एका बंगल्यातून.
मुलगा कॅनडात; आई म्हणाली,
'न्या, पडूनच आहे, पैशाचं काय एवढं,'
आणि सातशे सांगितले.
ब्रेक दोन कंपन्यांचे, एकमेकांशी न बोलणारे.
गिअर सात म्हणून घेतले, लागतात सहा,
त्यातला तिसरा नुसताच खोकतो.

हिशेब साखर कारखान्याच्या कॅलेंडरमागं,
मार्च महिन्याच्या पाठीवर.
बेरीज माझ्याआधी आईनं केली:
चार हजार सहाशे दहा.
'एवढ्यात जरा थांबली असतीस तर
हप्त्यावर नवी आली असती.'
आली असती.
मी बेरीज पुन्हा करून बघितली. तीच आली.

राहिलं डावं पेडल.
दोन संध्याकाळी पिळत होते,
तळहाताचं सालटं गेलं, तरी ते तिरकंच.
मग उद्यमनगरात, भूपाल अण्णांच्या लेथवर.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
क्रँक दाराच्या उजेडात धरली.
'पोरी, ह्येला उलटे आटे असत्यात.
उजव्यासारखं पिळलंस तर खाणारच की.'
उलटे कशाला?
'चालवताना आपोआप सुटू नये म्हणून.
माणसाच्या पायानंच सुटतंय ते, दुसऱ्या कुणाच्या न्हाई.'
डाव्या आट्यांचा टॅप शोधायला अर्धा तास,
फिरवायला पाच मिनिटं.
पैसे घेतले नाहीत.
एक ताजा बुश पुढं सरकवला: 'मोजून दे.'
त्यांचा व्हर्नियर एकदा हातातून पडलेला,
तेव्हापासून त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही.
मोजला. पाच शतांश मोठा आहे, अण्णा.
ओठावर आलेली शिवी गिळून
ते परत लेथकडं वळले.

रविवारी अंधारातच निघाले.
केर्ली मागं पडली, वाघबीळला चेन उतरली,
काळे हात गवताला पुसले,
पुन्हा बसले, पुन्हा उतरले, थोडी ढकलली
(हे घरी सांगितलेलं नाही).
पन्हाळा डावीकडं ठेवून पुढं,
आणि मग मसाई पठार:
सपाट कातळ, वारा, आणि माणूस कुणी नाही.

तिथं पहिल्यांदा सायकल नीट ऐकू आली.
हा खटका सांगलीचा.
ही शीळ राजारामपुरीची, खड्डा आला की श्वास सोडते.
कुरकुरतोय तो डब्याचा पत्रा.
डावं पेडल गप्प.
पण एक आवाज कळेना,
बारीक, दर फेऱ्याला एकदा,
कोणीतरी खिळ्यानं हळूच काही लिहीत असल्यासारखा.
थांबले. नट बघितले, स्पोक बघितले,
हाताशी होता तेवढ्या पान्यानं सगळं आवळलं.
निघाले, तर तो होताच.

सवयीनं हात खिशाकडं गेला.
खडू कामावरच्या ॲप्रनमध्ये राहिला होता.